थॉमस लिंकन आळशी होता का? एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी शेतकऱ्याचा आढावा

अब्राहम लिंकनच्या वडिलांवर चरित्रकारांनी फार पूर्वी एक शेरा मारून ठेवला आहे. माणूस पापभीरू होता, पण आळशी होता. एका जागी टिकत नव्हता आणि हातात आलेली जमीन राखत नव्हता. या शेऱ्याचा उगम मुख्यतः विल्यम हर्नडन यांच्या १८८९च्या चरित्रात आहे. हर्नडन हे लिंकनचे वकिलीतले भागीदार. राष्ट्राध्यक्षाची थोरवी उठून दिसावी म्हणून बापाची पार्श्वभूमी जितकी काळी रंगवता येईल तितकी बरी, असा त्या काळच्या चरित्रलेखनाचा कल होता. थॉमस व्हर्जिनियात जन्मला, केंटकीत वाढला, इंडियानात चौदा वर्षे राहिला आणि इलिनॉयमध्ये मेला. वाटेत त्याने निदान सात-आठ ठिकाणी बिऱ्हाड हलवले. वरवर पाहिले तर आरोप खरा वाटतो. पण त्या शतकातल्या सामान्य अमेरिकी शेतकऱ्याच्या आयुष्याबद्दल गेल्या शंभर वर्षांत जे संशोधन झाले, ते शेजारी ठेवून हा आरोप तपासला की वेगळेच चित्र समोर येते. त्या शेतकऱ्याला हलवले ते जमिनीच्या कागदाने, कर्जाने आणि आजाराने. आणि उठून दुसरीकडे जाता येणे, हीच त्याची सर्वांत मोठी मिळकत होती. जमीन ही त्याची मिळकत आहे असे सगळे म्हणत. ती तशी क्वचितच असे.

सुरुवात कागदापासून करू. थॉमसचा बाप, त्याचेही नाव अब्राहमच, १७८६मध्ये केंटकीत शेतात काम करताना मूळनिवासींच्या हल्ल्यात मारला गेला. तेव्हा तिथे व्हर्जिनियाचा जुना वारसाहक्क लागू होता आणि त्याप्रमाणे मिळकत थोरल्या मुलाकडे गेली. धाकट्या थॉमसच्या वाट्याला काही आले नाही. मोलमजुरी आणि सुतारकाम करून त्याने १८०३मध्ये मिल क्रीक इथे २३८ एकर जमीन ११८ पौंडांना विकत घेतली. पंचविशीतल्या, वडिलोपार्जित दमडी नसलेल्या तरुणाने हे केले, हे आळशीपणाचा आरोप करणाऱ्यांनी ध्यानात घेतलेले नाही. पण केंटकीतली मोजणी कशी होती? अमक्या ओक झाडापासून तमक्या ओढ्याच्या वळणापर्यंत, तिथून खुणेच्या दगडापर्यंत. झाड पडले, ओढ्याने पात्र बदलले, की हद्द गेली. त्यात एकाच जमिनीवर तीन-तीन दावे, एकावर एक चढवलेले. १८१४मध्ये थॉमसने मिल क्रीकची जमीन विकली तेव्हा ती २०० एकर धरली गेली आणि १०० पौंडांना गेली. अडतीस एकर मोजणीतच विरले. १८०८मध्ये घेतलेले सिंकिंग स्प्रिंगचे शेत, म्हणजे जिथे पुढच्या फेब्रुवारीत अब्राहम जन्मला ते, आधीच्या मालकांमधल्या जुन्या देण्यापायी कोर्टात अडकले आणि हातचे गेले. तिसऱ्या, नॉब क्रीकच्या जमिनीवर दूरच्या एका मोठ्या दावेदाराच्या वारसांनी ताबा सोडण्याचा दावा ठोकला. तीन शेते आणि तिन्हींच्या मालकीत खोट. पुढे १८६०मध्ये स्वतःची माहिती लिहून देताना अब्राहमने केंटकी सोडण्याचे एक कारण गुलामगिरी आणि मुख्य कारण जमिनीच्या मालकीहक्काचा घोळ, असेच नोंदवले आहे.

लुई वॉरन यांनी १९२६मध्ये केंटकीच्या कचेऱ्यांमधली दप्तरे उपसून थॉमसची बाजू पहिल्यांदा नीट मांडली. करपावत्या, ज्यूरीच्या याद्या, खरेदीखते असे सगळे त्यांनी काढले. १८१४च्या कराच्या यादीत ९८ मालमत्ताधारकांत थॉमसचा क्रमांक पंधरावा लागतो. तो कर भरत होता, ज्यूरीवर बसत होता, घोडे बाळगून होता. आठवणी सांगणाऱ्यांनी त्याला दरिद्री म्हटले आणि दप्तराने त्याला मध्यम ऐपतीचा गृहस्थ म्हटले. अशा वेळी मी दप्तरावर विश्वास ठेवतो. कारण आठवणी १८६५नंतर, म्हणजे मुलगा राष्ट्रपुरुष झाल्यावर गोळा केलेल्या आहेत, आणि दप्तर लिहिणाऱ्याला तो मुलगा कोण होणार हे ठाऊक नव्हते.

१८१६च्या डिसेंबरात कुटुंब ओहायो नदी ओलांडून इंडियानात गेले. या स्थलांतरात एक हिशेबी शहाणपण होते. इंडियानाची जमीन संघराज्य सरकारच्या १७८५च्या कायद्याप्रमाणे चौकोनात मोजलेली होती : सहा मैल बाजूचा चौरस, त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. कागद थेट सरकारकडून मिळे. मधला दलाल नाही, आधीच्या मालकाचे जुने देणे नाही. थॉमसने ऑक्टोबर १८१७मध्ये विन्सेन्सच्या जमीन कचेरीत १६० एकरांसाठी नाव नोंदवले. दर एकरी २ डॉलर, म्हणजे एकूण ३२० डॉलर, त्यातला पाव हिस्सा सुरुवातीला भरायचा आणि उरलेला हप्त्यांनी. पण १८१९मध्ये देशभर आर्थिक मंदी कोसळली, पश्चिमेतल्या बँका बुडाल्या, रोकड दिसेनाशी झाली आणि हजारो शेतकऱ्यांचे हप्ते थकले. १८२०मध्ये सरकारने उधारीची पद्धतच बंद केली. थॉमसने अखेर १८२७मध्ये निम्मी जमीन सरकारला परत दिली आणि उरलेल्या ८० एकरांचा स्वच्छ कागद मिळवला. १६०चे ८० झाले याला अपयश म्हणायचे की व्यवहार? माझ्या मते हा व्यवहार होता, आणि तोही चांगला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या जमिनीवर दुसऱ्या कोणाला दावा सांगता येत नव्हता. ती जमीन सरकारकडे आली कशी, हे मात्र विसरू नये. त्याआधी मूळच्या लोकांशी केलेल्या करारांमधून ती काढून घेतली होती. थॉमसचा कागद स्वच्छ होता, कारण कागदाच्या आधीचा इतिहास सरकारने पुसून टाकला होता.

आता आजाराकडे येतो, कारण या विषयावरच्या पुस्तकांत जमीन आणि कर्ज यांना जितकी पाने मिळतात तितकी आजाराला मिळत नाहीत. ५ ऑक्टोबर १८१८ला थॉमसची बायको नॅन्सी ‘दुधाच्या आजाराने’ गेली. वय ३४. त्याच साथीत शेजारचे स्पॅरो दांपत्यही गेले. हा आजार समजून घेण्यासारखा आहे. पांढऱ्या फुलांचे स्नेकरूट नावाचे एक झुडूप जंगलाच्या सावलीत वाढते. जंगल तोडून कुरण तयार व्हायच्या आधी गायी झाडीतच चरत. पावसाळा कोरडा गेला, गवत संपले, की त्या हे झुडूप खात. विष दुधात उतरे. माणूस ते दूध पिई, लोणी खाई, मग अशक्तपणा, थरथर, ओकाऱ्या, श्वासाला वेगळाच वास आणि आठवडाभरात मृत्यू. जवळचा डॉक्टर तीसेक मैलांवर, आणि तो असता तरी त्याला काही करता आले नसते. विषाचा रासायनिक शोध लागायला विसावे शतक उजाडावे लागले. लोकांना इतकेच कळत होते की काही वस्त्यांमध्ये दूध मारते, आणि त्यावर एकच उपाय होता : वस्ती सोडणे. नॅन्सीच्या नात्यातल्या डेनिस हँक्सच्या आठवणीप्रमाणे तिची शवपेटी थॉमसनेच फळ्या तासून केली. १८३०मध्ये इंडियाना सोडून इलिनॉयला जाण्यामागे या आजाराची पुन्हा आलेली आवई हे एक मोठे कारण होते. म्हणजे ज्या हालचालीला चरित्रकार चंचलपणा म्हणतात, ती त्या काळच्या वैद्यकशास्त्राला उपलब्ध असलेली एकमेव खबरदारी होती.

मृत्यूच्या आकड्यांबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. १८५०च्या सुमारास गोऱ्या अमेरिकनांचे जन्मवेळचे सरासरी आयुर्मान चाळिशीच्या आसपास होते, याचा अर्थ शेतकरी चाळिशीत मरत असे नाही. जन्मलेल्या दर पाच मुलांमागे एक जण पहिल्या वाढदिवसाआधी जाई आणि सरासरी त्यामुळे खाली ओढली जाई. विशी गाठलेला माणूस साठीपर्यंत जाण्याची बरी आशा बाळगू शके. थॉमसच्या घरातच हे सगळे आहे : एक मुलगा तान्हेपणी गेला, बायको ३४व्या वर्षी, मुलगी सेरा १८२८मध्ये बाळंतपणात, वय २०, आणि तो स्वतः ७३ वर्षे जगला. खेड्यातले जीवन शहरापेक्षा सुरक्षित होते हे खरे आहे, पण खेड्याचे आरोग्य वाढत्या संपत्तीबरोबर सुधारले नाही. रॉबर्ट फोगेल आणि इतर अर्थ-इतिहासकारांनी सैन्यभरतीच्या नोंदींवरून दाखवले की १८३०च्या सुमारानंतर जन्मलेल्या पिढ्यांची सरासरी उंची घटत गेली, आणि आयुर्मानही गृहयुद्धाच्या आधीच्या दशकांत खाली आले. देशाचे उत्पन्न वाढत असताना हे घडले. कालवे, आगबोटी, रेल्वे आल्या तसे धान्य बाहेर जाऊ लागले, आणि पटकी, हिवताप, गोवर आत येऊ लागले. बाजाराशी जोडले जाण्याची किंमत शेतकऱ्याने काही अंशी शरीराने मोजली. जनगणनेत १८५० ते १८८०पर्यंत मागील वर्षातल्या मृत्यूंची स्वतंत्र यादी करत. तीत वगळलेल्या नावांची संख्या मोठी आहे, विशेषतः तान्ह्या मुलांची. कारण प्रगणक विचारी तेव्हा काही कुटुंबे दुसरीकडे निघून गेलेली असत.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. जे टिकले ते सधन झाले, मग हलणारे अपयशी होते असेच सिद्ध होत नाही का? जेम्स मॅलिन यांनी १९३५मध्ये कॅन्ससबद्दल, मर्ल कर्टी यांनी १९५९मध्ये विस्कॉन्सिनच्या एका जिल्ह्याबद्दल आणि जॉन मॅक फॅरागर यांनी १९८६मध्ये इलिनॉयच्या शुगर क्रीक या वस्तीबद्दल दाखवले की दोन जनगणनांच्या मधल्या दहा वर्षांत बहुसंख्य कुटुंबे गाव सोडून गेलेली असत, आणि मागे राहिलेल्यांकडे जमीन अधिक असे. आकडे खरे आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. फॅरागर यांच्याच पुस्तकात दिसते की जे टिकले ते बहुधा आधी आले होते, चांगली जमीन त्यांनी सरकारी दराने उचलली होती आणि त्यांचे भाऊ, मेहुणे, व्याही आजूबाजूला होते. टिकल्यामुळे ते सधन झाले, यापेक्षा सधन आणि नातेवाईकवाले होते म्हणून टिकू शकले, हे वाचन पुराव्याला अधिक धरून आहे. शिवाय बहुसंख्य माणसे जे करतात त्याला स्वभावदोष म्हणता येत नाही. दहांतले सहा-सात शेतकरी उठून जात असतील, तर उठून जाणे ही शेतीचीच एक रीत होती. जंगल तोडायचे, कुंपण घालायचे, विहीर खणायची, वाढलेल्या किमतीला विकायचे आणि पुढे स्वस्त जमीन घ्यायची. पिकापेक्षा जमिनीच्या भाववाढीतच अनेकांची खरी कमाई होती.

दुसरा आक्षेप फुकट जमिनीचा. २० मे १८६२च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून कसणाऱ्याला किरकोळ फी घेऊन १६० एकर दिले, मग जमिनीचा प्रश्न उरला कुठे? या कायद्यावरचा वाद अनेक दशके चालला. पॉल गेट्स यांनी १९३६मध्ये दाखवले की त्याच वेळी सरकार रेल्वे कंपन्यांना आणि राज्यांना अफाट जमीन वाटत होते आणि उत्तम जमिनी सट्टेबाजांकडे जात होत्या. क्लॅरेन्स डॅनहॉफ यांनी १९४१मध्ये हिशेब मांडला की १८५०च्या दशकात पश्चिमेत शेत उभे करायला हजारेक डॉलर लागत. शेतमजुराला तेव्हा खाऊनपिऊन महिन्याला दहा-पंधरा डॉलर मिळत, म्हणजे जमीन फुकट मिळाली तरी बैल, नांगर, कुंपण आणि पहिले पीक हातात येईपर्यंतचे खाणे कोण देणार? २०१७मध्ये रिचर्ड एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट बाजू मांडली : खोट्या दाव्यांचे प्रमाण आधीच्या इतिहासकारांनी फुगवले आणि निम्म्याहून अधिक दावे मालकीपर्यंत पोचले. या दुसऱ्या मांडणीला मी मान देतो, कारण ती मूळ दाव्यांच्या कागदांवर उभी आहे. एकंदर सोळा लाखांच्या आसपास मालकीपत्रे या कायद्याखाली दिली गेली, हे लहान यश नव्हे. पण मालकी मिळवणे आणि त्या जमिनीवर जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझा मुद्दा दुसरीबद्दल आहे.

त्यासाठी चार्ल्स इंगल्सकडे पाहावे. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या पुस्तकांमुळे हा शेतकरी जगभर ‘पा’ म्हणून ओळखला जातो. जन्म १८३६, न्यूयॉर्क राज्यात. विस्कॉन्सिनच्या जंगलातून तो १८६९मध्ये कॅन्ससला गेला आणि ओसेज लोकांच्या राखीव जमिनीवर घर बांधले. कायद्याने त्याला तो हक्क नव्हता. तिथून परत. मग १८७४मध्ये मिनेसोटा. आणि तिथे टोळधाड. रॉकी पर्वताकडून येणारे टोळ १८७३ ते १८७७ या काळात पिकेच्या पिके फस्त करत होते. सूर्य झाकोळे, शेतात कुरतडण्याचा आवाज येई, कुदळीच्या दांड्यासुद्धा घामाच्या खारटपणासाठी कुरतडलेल्या सापडत. त्यांनी जमिनीत घातलेली अंडी पुढच्या वर्षी फुटत. मिनेसोटात सरकारी पिठाची मदत हवी असेल तर शेतकऱ्याला आपण निष्कांचन असल्याचे लिहून द्यावे लागे, आणि चार्ल्सने ते लिहून दिले. १८७६मध्ये त्याचा नऊ महिन्यांचा मुलगा गेला, १८७९मध्ये थोरल्या मुलीची दृष्टी गेली. १८८०मध्ये डकोटात डी स्मेटजवळ त्याने होमस्टेडचा दावा केला, १८८६मध्ये मालकी सिद्ध केली. हाच तो यशस्वी दावेदार, जो एडवर्ड्स यांच्यासारख्यांच्या आकडेवारीत जमेच्या बाजूला येतो. आणि त्यानंतर दोनेक वर्षांतच तो गावात राहायला गेला, १८९२च्या सुमाराला शेत विकले, सुतारकाम आणि किरकोळ कामे करत राहिला आणि १९०२मध्ये मेला. त्याच्यावर आळशीपणाचा शेरा कोणी मारला नाही. मुलीने त्याच्यावर प्रेमाने लिहिले, एवढाच थॉमसच्या आणि त्याच्या कीर्तीतला फरक आहे.

डकोटात अडचण काय होती? जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८च्या सरकारी अहवालात स्पष्ट लिहिले होते की शंभराव्या रेखावृत्ताच्या आसपासून पश्चिमेला पाऊस इतका कमी की १६० एकरांत कुटुंब पोसणार नाही. चराईला याच्या कित्येक पट जमीन लागेल किंवा मग पाटपाणी. त्याच काळात रेल्वेचे आणि जमीन विकणाऱ्यांचे हस्तक सांगत होते की नांगर फिरला की पाऊस मागोमाग येतो. १८८०च्या दशकाची सुरुवात ओली गेली आणि लोकांना ते पटले. दशकाच्या अखेरीस अवर्षण सुरू झाले. वर गव्हाचा भाव : १८८१च्या सुमारास बुशेलला डॉलरभर, १८९४मध्ये जेमतेम पन्नास सेंट. कर्ज मात्र डॉलरमध्ये ठरलेले, त्यामुळे तेच देणे फेडायला दुप्पट गहू लागे. इथे आपला प्रत्यक्ष संबंध येतो. १८६०च्या दशकात अमेरिकी गृहयुद्धामुळे कापूस अडला तेव्हा वऱ्हाड-खानदेशात कापसाचे भाव कडाडले, १८६५ला युद्ध संपताच कोसळले, आणि त्या भरवशावर काढलेली कर्जे दशकाअखेर दख्खनमध्ये साचत गेली. १८७५मध्ये सुप्यात सावकारांची खाती जाळली गेली त्यामागे हा एक धागा होता. १८८०च्या दशकात उलट वारा वाहिला. सुएझ कालव्यातून हिंदुस्थानी गहू लिव्हरपूलला पोचू लागला आणि कॅन्ससच्या शेतकऱ्यांच्या सभांमध्ये स्वस्त रुपयाच्या बळावर विकल्या जाणाऱ्या या गव्हाची तक्रार होऊ लागली. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही. भाव ठरवणारा बाजार मात्र एकच होता.

मग उठून जाण्याची मुभा हीच मिळकत, हे सिद्ध कशाने होते? ती ज्यांना नव्हती त्यांच्याकडे पाहून. थॉमस ज्या इंडियानात आणि इलिनॉयमध्ये निवांत शिरला, त्याच इंडियानाच्या १८५१च्या राज्यघटनेने आणि इलिनॉयच्या १८५३च्या कायद्याने कृष्णवर्णीयांना तिथे येऊन वसायला पुढे बंदी केली. युद्ध संपत आले असताना जनरल शर्मन यांनी जानेवारी १८६५मध्ये मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन देऊ केली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ती जुन्या मालकांना परत केली. मग राहिले ते बटाईचे शेत आणि पिकावरच दुकानदाराचा बोजा : बियाणे, पीठ, कापड उधार, आणि हिशेब चुकता होईपर्यंत जागा सोडायची नाही. १८७९मध्ये हजारो कृष्णवर्णीय दक्षिण सोडून कॅन्ससकडे निघाले तेव्हा मळेवाल्यांनी वाटा अडवल्या, बोटींना त्यांना घेऊ नका म्हणून दम दिला. पळून जाणाऱ्या मजुराला अडवायला इतकी ताकद खर्च होते, याचा अर्थ जाण्याचे मोल काय आहे हे अडवणाऱ्याला पक्के कळत होते. १८८०च्या जनगणनेत प्रथमच कुळे मोजली गेली : दर चार शेतांमागे एक कुळाकडे. १९००पर्यंत ते प्रमाण ३५ टक्क्यांवर गेले. पुढे सरकायला जमीन उरली नाही तसतसा हलण्याचा उपयोगही संपत गेला.

आणि म्हातारपणी प्रत्येकाचीच ही मुभा संपते. म्हणून शेतकऱ्याचे शेवटचे दशक त्याच्या आयुष्याचा खरा ताळेबंद दाखवते. त्या काळच्या कायद्याप्रमाणे एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाच्या मजुरीवर बापाचा हक्क असे. थॉमसने अब्राहमला शेजाऱ्यांकडे लाकूड फोडायला, कुंपणे घालायला पाठवले आणि पैसे घेतले. मुलगा ते कधी विसरला नाही, आणि बापाविरुद्धची सर्वांत वजनदार साक्ष खरे तर हीच आहे. पण त्यात थॉमस वेगळा नव्हता. जिथे मजूर मिळत नाही आणि रोकड नाही, तिथे वाढती मुले हाच शेतीचा भांडवली साठा होता. गोऱ्या अमेरिकन बाईला शतकाच्या सुरुवातीला सरासरी सात मुले होत आणि अखेरीला साडेतीन, आणि ही घट आधी तिथे झाली जिथे मुलांना द्यायला जमीन उरली नव्हती. १८४१मध्ये वकील झालेल्या अब्राहमने बापाकडून कोल्स काउंटीतले ४० एकर २०० डॉलरना विकत घेतले आणि खतात अट घातली की थॉमस आणि सावत्र आई सेरा हयात असेपर्यंत ती जमीन त्यांच्याच ताब्यात राहील. कागदावर ही विक्री. प्रत्यक्षात म्हातारपणाची तरतूद. १८४८च्या डिसेंबरात जमीन लिलावात जाऊ नये म्हणून थॉमसने वीस डॉलर मागितले आणि काँग्रेसचा सदस्य असलेल्या मुलाने ते वॉशिंग्टनहून पाठवले. जानेवारी १८५१मध्ये थॉमस मरणपंथाला लागला. अब्राहम गेला नाही. बायको बाळंतीण आणि आजारी होती, असे त्याने सावत्र भावाला कळवले. आणि भेटीत आनंदापेक्षा दुःखच जास्त होईल अशा अर्थाचेही लिहिले. १७ जानेवारीला थॉमस गेला.

या मुलाच्या गैरहजेरीवरून बापाचे माप काढणारे चरित्रकार दोन माणसांमधला दुरावा आणि एका वर्गाचे नशीब यांची गल्लत करतात. दुरावा खरा होता आणि त्यात थॉमसचा कठोरपणाही असेल. पण तीन सदोष कागदांतून वाचून स्वच्छ कागदापर्यंत पोचलेला, पुन्हा पुन्हा घर उभारलेला, बायको गेल्यावर सव्वा वर्षाच्या आत दुसरी आई आणून मुलांना सावरणारा, कर न थकवणारा माणूस आळशी ठरत नाही. उपलब्ध दप्तर त्याच्या बाजूने आहे. लिंकनचे नवे चरित्र, भाषांतर किंवा शालेय धडा लिहिणाऱ्यांनी हा शेरा आता गाळावा, आणि त्या जागी केंटकीच्या मोजणीची दोन वाक्ये घालावीत. सेरा बुश लिंकन कोल्स काउंटीतच राहिली. सावत्र मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला, मारला गेला, त्यानंतरही चार वर्षे ती जगली आणि १८६९मध्ये वारली.